मीठ शेवटी: मुलांना हाताशी घेऊन स्वयंपाक करायचा असेल तर

आमच्याकडे रविवारची कोशिंबीर धाकटा करतो. वय सात. त्यानं कंटाळा केला तर त्या दिवशी पानाची डावी बाजू रिकामी राहते. दुसरं कुणी उठून करत नाही, हे घरात ठरलेलं आहे. माझी आई ताटाकडे बघून एवढंच म्हणते, "आज कोशिंबीर नाही वाटतं." पुढच्या रविवारी स्वारी अकरालाच काकडी मागायला हजर.

इथवर यायला आम्हाला चार वर्षं लागली. त्याआधी मीही सगळे करतात तेच करायचो. पोरं ओट्याशी लुडबुडायला लागली की हातात कणकेचा गोळा द्यायचा, "घे, तूही कर पोळी," म्हणायचं, आणि ती मळून मळून काळपट झालेली चानकी नंतर कुणाचं लक्ष नसताना कावळ्याला घालायची. थोरलीनं एकदा ते पाहिलं. काही बोलली नाही, पण त्यानंतर तिनं गोळा कधी मागितला नाही.

भातुकली ही भातुकली असते आणि तिची मजा वेगळीच. पण स्वयंपाकघरात बोलावून पुन्हा भातुकलीच हातात दिली की मुलांना ते कळतं. म्हणून या लेखातली सगळी कामं खरी आहेत. खरं काम म्हणजे जे झालं नाही तर जेवताना कुणालातरी काहीतरी कमी पडतं. हे माझं डोकं नव्हे. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या गांधीजींच्या नयी तालीमच्या, म्हणजे काम करत शिकण्याच्या, विचारात स्वयंपाक, सफाई, शेती, सूतकताई ही कामं अभ्यासाच्या मधल्या सुट्टीतली नव्हती, तोच अभ्यास होता. सेवाग्रामला, त्यांच्या आश्रमातल्या शाळेत, मुलांनी रांधलेलं सगळ्यांच्या पानात पडायचं. आपल्याला घरात शाळा काढायची नाही, पण तेवढा एक धागा उचलायला हरकत नाही.

वेळ आणि जागा

शाळेच्या दिवशी सकाळी हे प्रकरण काढू नका. सव्वासहाला डबे, सातला रिक्षा, त्यात "बाबा, मी लाटू?" आलं की आवाज चढणारच. रविवारची सकाळ किंवा आठवड्यातली एखादी निवांत संध्याकाळ धरा. जे काम तुम्ही एकटे चाळीस मिनिटांत उरकता त्याला दीड तास जाईल असं समजून सुरुवात करा आणि पोरांना आधी मूठभर चुरमुरे नाहीतर केळं खायला द्या. भुकेलेलं मूल दाणे सोलत नाही, दाणे खातं.

एका भांड्याशी एकच मूल. दोघांना मिळून एक परात दिलीत तर स्वयंपाक होणार नाही, न्यायनिवाडा होईल.

जागा म्हणजे जमीन. ओटा मोठ्या माणसाच्या कमरेच्या मापाचा असतो आणि स्टुलावर चढलेलं मूल एका हातानं ओटा धरून दुसऱ्या हातानं काम करतं, ते धोक्याचं. खाली जुनी चादर अंथरा, वर परात आणि ताटं मांडा, मांडी घालून बसा. निवडणं, सोलणं, मळणं, थापणं ही आपल्याकडची सगळी कामं पूर्वी बसूनच व्हायची. फक्त विळी आत ठेवून द्या. विळीचं पातं उघडं आणि स्थिर, त्यात मूल पुढे वाकलेलं. मला ते बघवत नाही. त्याऐवजी दातेऱ्या पात्याची छोटी सुरी द्या आणि चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे तो सरकणार नाही. बोथट सुरी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. ती चिरत नाही, घसरते.

कुणाला काय झेपतं

दोन-तीन वर्षांच्या मुलाला कोथिंबीर निवडायला द्या, मेथीची पानं खुडायला द्या, कढीपत्त्याच्या काड्या ओरबाडायला द्या. बटाटे धुणं हे तर त्यांच्या दृष्टीनं पाण्याचा खेळच. अर्धी मेथी चादरीवर जाईल, जाऊ दे.

चार ते सहा हे वय मला सगळ्यात लाभाचं वाटतं. बोटांत ताकद आलेली असते आणि "मला येत नाही" हे वाक्य अजून शिकलेलं नसतं. मटार सोलणं, उकडलेले बटाटे सोलून कुस्करणं, लिंबू पिळणं (बिया गाळणीत अडवायच्या, हे त्यांनाच सांगू द्या), खलबत्त्यात कुटणं.

सातच्या पुढे सुरी, कणीक मळणं, तांदूळ धुऊन पाणी मोजणं. एका वाटीला दोन वाट्या पाणी, मग अडीच वाट्यांना किती? हे गणित वहीतल्या गणितापेक्षा लवकर सुटतं, कारण चुकलं तर भाताची पेज होते. दहाच्या पुढे कुणीतरी शेजारी उभं असताना गॅस: पोहे, आम्लेट, पोळी शेकणं. बाराव्या-तेराव्या वर्षी कुकर. ही वयं ढोबळ आहेत. मुलाचा हात बघा, दाखल्यावरची तारीख नको.

आणि मुलगा-मुलगी हा भेद इथे आणू नका. माझ्या आईनं बहिणीला सगळं शिकवलं, मला काही नाही. सव्विसाव्या वर्षी भाड्याच्या खोलीत मी तीन महिने अंडी आणि ब्रेडवर काढले. आता तीच नातवाला खलबत्ता काढून देते आणि मला म्हणते, "तुझ्या वेळी सुचलं नाही रे."

पहिला पदार्थ: खमंग काकडी

सुरुवात कोशिंबिरीपासून का? जवळजवळ सगळी विस्तवाशिवाय होते, अर्ध्या तासात होते आणि तिच्यात प्रत्येक वयाला काहीतरी काम आहे.

चार जणांसाठी दोन मध्यम काकड्या, पाव वाटी शेंगदाणे, अर्धं लिंबू, एक चमचा साखर, मूठभर कोथिंबीर, चवीपुरतं मीठ. फोडणीला दोन चमचे तूप, जिरं, हिंग, एक हिरवी मिरची.

दाण्यांपासून सुरू करा. मंद आचेवर तुम्ही भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग ताटात मुलापुढे ओता. तळहातांनी चोळलं की सालं सुटतात. ती पाखडायला गॅलरीत जा, घरात नको. आमच्याकडे दिवाणखान्याच्या पंख्याखाली एकदा हा प्रयोग झाला होता आणि सालं पुढच्या सणापर्यंत निघत होती. मग खलबत्ता. कूट पीठ होऊ द्यायचं नाही, दाताखाली यायला हवं. मिक्सरला हे दहा सेकंदांचं काम आहे, पण मिक्सरचं बटण दाबलं याचा अभिमान कुणाला वाटणार? घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मात्र अख्खे दाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. कूट चालतं.

आता काकडी. आधी एक चकती चाखून बघायची, कडू निघाली तर पुढचा सगळा खटाटोप वाया. आई काकडी चोचवते: सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून सुरीनं वरून टचाटच उभे-आडवे घाव घालत जायचं आणि मग वरचा थर तासून घ्यायचा, की बारीक मोत्यांसारखे तुकडे पडतात. ऐकायला सोपं वाटतं. हे मुलांचं काम नाही, खरं सांगायचं तर माझंही नाही. मुलानं काकडी लांबीत चार फाकी करून पालथी ठेवावी आणि बारीक चिरावी, धरणाऱ्या हाताची बोटं टोकाशी आत दुमडून. किसणी टाळा, तिच्यावर बोटांची सालटी निघतात.

यानंतर धाकट्याची आवडती गोष्ट. पहिल्यांदा कराल तेव्हा चिरलेली काकडी दोन वाट्यांत घ्या. एकीत मीठ घाला, दुसरीत नको. दहा मिनिटं थांबा. मीठ घातलेल्या वाटीत तळं साचतं, दुसरी तशीच कोरडी. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं आणि मीठ ते बाहेर ओढून घेतं. "म्हणून मीठ शेवटी," असं मी सांगण्याआधीच तो म्हणाला होता, "मग मीठ जेवायला बसताना घालू."

बाकी सोपं. काकडीत कूट, साखर, कोथिंबीर, लिंबू. तुपाची जिरं-हिंग-मिरचीची फोडणी तुम्ही करा, मूल दोन हात लांब. पानं मांडली की मीठ, एकदा हलवायचं आणि लगेच वाढायचं. मिरची मुलांनी चिरायची नाही. चुकून तिखट हात झालेच तर नुसत्या पाण्यानं काही होत नाही. आधी तेल चोळा, मग साबण. आणि तोवर डोळ्यांना हात नाही.

दुसरा: थालीपीठ

कोशिंबीर तीन-चारदा जमली की थालीपीठ घ्या. पोळीच्या आधी थालीपीठ, हे मी मुद्दाम सांगतो. पोळी गोल यावी लागते, फुगावी लागते आणि दोन्ही झालं नाही की मूल हिरमुसतं. थालीपीठाला असले नखरे नाहीत.

दोन वाट्या भाजणी, एक मोठा कांदा बारीक चिरून, कोथिंबीर, तीळ, तिखट, हळद, मीठ. थोडं थोडं कोमट पाणी घालत सैलसर भिजवायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. एवढं मुलानं करावं. मग पोळपाटावर ओलं फडकं पसरून मधोमध गोळा ठेवायचा आणि ओल्या बोटांनी मधून कडेकडे थापत जायचं. शेवटी पाच भोकं: एक मध्ये, चार भोवती. भोकं पाडायला आमच्याकडे रांग लागते. ती शोभेची नाहीत. त्यातून सोडलेलं तेल खालपर्यंत उतरतं, वाफ बाहेर पडते आणि जाड थालीपीठ मध्ये कच्चं राहत नाही. फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालणं मोठ्यांचं. झाकण ठेवून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं, मग उलटायचं. सोबत लोणी असेल तर त्या दिवशी घरात भाजी कुणी मागत नाही.

ज्यांना एका दमात बसवत नाही अशा मुलांसाठी मटकीला मोड आणणं बरं पडतं. शुक्रवारी रात्री एक वाटी मटकी भरपूर पाण्यात भिजत घालायची, शनिवारी सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधायची, रविवारी उसळ. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच मोड दिसतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. एका वाटीच्या जवळजवळ तीन वाट्या होतात. मधूनमधून पुरचुंडी उघडून बघायची परवानगी द्यावी, कारण नाही दिली तरी ती बघितली जाणारच आहे. आंबूस वास आला किंवा मटकी बुळबुळीत लागली तर बिनदिक्कत टाकून द्या.

विस्तवाजवळ

इथे गंमत नाही. आमच्या घरात हे नियम दोन्ही मुलांना पाठ आहेत आणि मोडला तर त्या दिवसाचं काम थांबतं, रागावणं वगैरे काही नाही.

कढई-पातेल्याचे दांडे ओट्याच्या आत वळलेले. ओला हात, ओला चमचा तेलाजवळ नाही. मोहरी तडतडायच्या आधी झाकण हातात. कुकरची वाफ आपोआप पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला स्पर्श नाही, शिट्टी चमच्यानं उचलायची हुशारी तर मोठ्यांनीही करू नये. ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस नकोत, कपडे सुती. गॅस पेटवताना आणि बंद करताना मोठ्यानं म्हणायचं, "पेटवला," "बंद केला." हे थोरलीनं आणलं, आता मीही म्हणतो.

भाजलंच तर ताबडतोब नळाखाली, साध्या वाहत्या पाण्यात, पूर्ण वीस मिनिटं. घड्याळ लावा, कारण वीस मिनिटं फार लांब वाटतात. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप-शाई काही नको. मोठा फोड आला, किंवा चेहरा, तळहात, सांधा भाजला असेल तर सरळ डॉक्टर.

बिघडलं तर

थोरली आठची असताना तिनं एकटीनं शिकरण केलं. केळी अगदी एकसारख्या चकत्यांत कापलेली, दूध गार, वेलची आठवणीनं घातलेली. आणि साखरेऐवजी मीठ. आमचे मिठाचे आणि साखरेचे डबे एकाच मापाचे, एकाच रंगाच्या झाकणाचे होते. मी पहिला चमचा तोंडात घातला, मोठ्यानं हसलो आणि वर बहिणीला फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं. पोरगी समोर बसलेली होती.

तीन आठवडे ती स्वयंपाकघरात आली नाही.

म्हणून दोन गोष्टी. डब्यांवर चिठ्ठ्या लावा, मुलांच्या अक्षरात. आणि बिघडलेल्या पदार्थाची गोष्ट कुणाला सांगायची तर ती मुलानं सांगायची, आपण नाही. आता थोरली स्वतःच ती रंगवून सांगते.

बाकी बहुतेक गोष्टी सावरता येतात आणि ते सावरणंसुद्धा शिकवण्यासारखं आहे. आमटी खारट झाली तर शिजलेली डाळ आणि पाणी वाढवा. उसळ तिखट झाली तर ओलं खोबरं, नाहीतर सोबत दही. पीठ सैल झालं तर भाजणी. मात्र सावरायचा चमचा मुलाच्याच हातात राहू द्या. मला हे सगळ्यात अवघड जातं. मी चक्क हात पाठीमागे बांधून उभा राहतो.

पान वाढणं

आता ज्याच्यासाठी हे सगळं. मुलानं केलेलं घरच्यांनी एकत्र बसून खाल्लं नाही, तर ते काम पुन्हा भातुकलीच झालं.

रोज सगळे एकत्र जेवा, हे सांगणं सोपं आहे. मी ठाण्यात राहतो, लोकल वेळेवर आली तरी घरी पोचायला साडेआठ होतात आणि धाकट्याला साडेसातला भूक लागते. त्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. तो वेळेवर जेवतो आणि आम्ही बसलो की ताकाची वाटी घेऊन आमच्या पंगतीला येतो. पूर्ण एकत्र जेवण आठवड्यातून तीनदा. तुमच्याकडे रात्र जमत नसेल तर सकाळचे पोहे एकत्र खा, तेही चालतं. एक वेळ धरा आणि ती मोडू नका.

पानं मुलांनी मांडायची. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये वरण-भात. डावीकडचं चाखत माखत खायचं, उजवीकडचं पोटभर, एवढं सांगितलं की मांडणी लक्षात राहते. आमच्या धाकट्याला डावं-उजवं बुटांवरून कळलं नाही, ताटावरून कळलं.

आग्रहाचं काय करायचं हा खरा प्रश्न. एकीकडे "अजून एक घे" आणि दुसरीकडे "पानात टाकायचं नाही", या कात्रीत आपण सगळेच वाढलो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जबाबदारीची वाटणी सुचवली आहे: काय, केव्हा आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती खायचं ते मुलानं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय नवीन? आधी चिमूटभर घे, मग माग." आम्ही तिच्या भाषेतला नियम ठेवला. नवी भाजी असेल तर एक घास चाखायचा. नाही आवडली तर गप्प बाजूला, "शी" म्हणायचं नाही, कारण ती कुणीतरी केलेली असते. एखादी चव जिभेवर बसायला आठ-दहा वेळाही लागतात. कारल्याला आमच्याकडे चौदा लागल्या. मोजल्या होत्या.

फोन फडताळात, माझासुद्धा. टीव्ही बंद. मार्क, फी आणि नातेवाइकांची भांडणं ताटावर नाहीत. "शाळेत काय झालं?" विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं, म्हणून मी आधी माझंच सांगतो: डब्यात कोण भांडलं, साहेबांसमोर काय फजिती झाली. दुसऱ्या पोळीपर्यंत समोरून काहीतरी निघतं.

कौतुक बेतानं करा. "वा, किती छान!" हे मुलांना चित्रालाही मिळतं, नाचालाही मिळतं. आई बोलत नाही, नुसती वाटी पुढे करून विचारते, "उरली आहे का रे अजून?" त्या वेळी त्याचा चेहरा बघावा.

जेवण झालं की आपापलं ताट खरकटं काढून मोरीत. ज्यानं स्वयंपाकात हात घातला त्यानं ओटा पुसायचा, यात सूट नाही. पहिले काही महिने त्यांच्यानंतर तुम्हाला पुन्हा पुसावा लागेल. तो ते झोपल्यावर पुसा.

आणि एक वही ठेवा. साधी, शंभर पानी, तेलकट झाली तरी चालेल अशी. जे करायला शिकलं ते मुलानं आपल्या शब्दांत लिहायचं, आपण शुद्धलेखन तपासायचं नाही. आमच्या वहीत थोरलीच्या शिकरणाखाली लाल पेननं "डबा वाचा" असं लिहिलेलं आहे. धाकट्याचं पान एकच, पहिलं: "काकडी चाखने. दाने कुटने. आजी मिरची. मिठ शेवटी नाहितर पानी."